महासाथ, चीन-अमेरिका आणि बातम्या: प्रकल्पाची फाइल कोणत्या क्रमाने लावावी

पत्रकारिता, राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी सांगली-मिरज, सातारा-कऱ्हाडकडची मुलं हा विषय पुन्हा पुन्हा घेतात: कोविडच्या काळात माध्यमांनी चीन आणि अमेरिका यांची लढाई कशी मांडली? स्पर्धा परीक्षेच्या निबंधातही तो येतो. विषय चांगला आहे, पण बहुतेक प्रकल्प एकाच जागी मोडतात. पहिल्या पानावर निष्कर्ष असतो आणि पुढची सगळी पानं त्याला जुळणाऱ्या कात्रणांची. कुणी ‘चीनने जगाला फसवलं’ असं ठरवून बसतं, तर कुणी ‘पाश्चिमात्य माध्यमांनी चीनला बदनाम केलं’ असं. दोन्ही निष्कर्षांना पुरून उरतील इतकी कात्रणं मिळतात. त्यामुळे कात्रणांची संख्या वाढली तरी अभ्यास पुढे सरकत नाही.

पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. मत शेवटच्या पायरीवर येतं, त्याआधी आलं की मधल्या सगळ्या पायऱ्या वाया जातात.

## तयारी

एक जाड वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने पाच: घडल्याची तारीख, छापल्याची तारीख, कोण म्हणालं, नेमकं काय म्हणालं, कशाच्या आधारावर म्हणालं. ‘माझं मत’ हा सहावा रकाना करायचा नाही. मत सुचलं तर वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. नंतर ते किती बदललं हे तुम्हालाच दिसेल.

एका घटनेसाठी चार बाजूंचा मजकूर लागतो. एक, आपल्याकडच्या मराठी दैनिकात काय छापलं. दोन, ती बातमी ज्या वृत्तसंस्थेकडून आली तिची मूळ कॉपी: पीटीआय, रॉयटर्स, एपी, एएफपी. तीन, मूळ अधिकृत मजकूर, म्हणजे चिनी परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेची नोंद, व्हाइट हाउसचं निवेदन किंवा जागतिक आरोग्य संघटनेचं पत्रक. चार, या भांडणाबाहेरच्या एखाद्या देशातलं वार्तांकन. चौथी बाजू मुलं हमखास सोडतात आणि मग अख्खं जग दोनच राजधान्यांतून बोलतंय असं वाटायला लागतं.

नगर वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली पाहायला जाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. मार्च ते मे २०२० चे अंक सलग सापडतीलच असं नाही. वाचनालयं बंद होती, अंकांचं वितरण विस्कळीत होतं आणि एप्रिलमध्ये घरोघरी अंक टाकण्यावर राज्यात काही दिवस बंदीही आली होती. ई-पेपरच्या संग्रहातून ही भोकं भरून काढा. प्रत्येक कात्रणावर दैनिकाच्या नावाबरोबर आवृत्तीही लिहा. पुढारी, सकाळ, लोकमत किंवा तरुण भारत यांची सांगली आवृत्ती आणि पुण्या-मुंबईची किंवा इतर जिल्ह्यांची आवृत्ती यांत आंतरराष्ट्रीय बातमीचं पान, मथळा आणि लांबी वेगळी असू शकते. साताऱ्याच्या मुलांनी ऐक्यचे अंकही पाहावेत.

सावधान. व्हॉट्सॲप फॉरवर्ड मुख्य फाइलमध्ये घालू नका. आपल्याकडे याची अडचण जास्त आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले लोक देशभर विखुरलेले आहेत, साताऱ्यातल्या घरांतून फौजी सीमेवर आहेत. त्यामुळे गावच्या ग्रुपवर दहा राज्यांतून मजकूर येतो आणि पाठवणारा आपला माणूस असल्याने तो खरा वाटतो. असा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये, आल्याच्या तारखेसह ठेवा. त्या दिवशी तो फिरत होता एवढंच त्यावरून सिद्ध होतं. त्यात लिहिलेलं घडलं का, हे त्यावरून कळत नाही.

## पायरी १: प्रश्न आठवड्याएवढा करा

‘महासाथीतील माध्यमांची भूमिका’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: १२ ते १८ मार्च २०२० या आठवड्यात विषाणूच्या उगमाबद्दल बीजिंग आणि वॉशिंग्टन काय म्हणाले आणि त्यातलं किती, कोणत्या शब्दांत मराठी दैनिकांच्या सांगली आवृत्तीत आलं? याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि एका माणसाला दोन महिन्यांत जमेल इतकंच काम आहे.

आठवडा निवडताना असा निवडा की दोन्ही बाजूंनी काहीतरी केलेलं असेल. एकाच बाजूच्या हालचालींचा आठवडा घेतला तर उत्तर प्रश्नातच ठरून जातं.

तपासा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘तसं दिसत नाही’ असं येऊ शकतं का? येऊच शकत नसेल तर तो प्रश्न नाही, घोषणा आहे. पुन्हा लिहा.

## पायरी २: आधी तारखांचा कणा उभा करा

कात्रणं वाचायच्या आधी हे करायचं. ज्या गोष्टींबद्दल दोन्ही बाजूंचं दुमत नाही तेवढ्याच तारखा एका पानावर लिहा. उदाहरणार्थ:

३१ डिसेंबर २०१९: वुहानच्या आरोग्य आयोगाने न्यूमोनियाच्या रुग्णांची माहिती जाहीर केली.
२० जानेवारी २०२०: माणसाकडून माणसाला संसर्ग होत असल्याचं चीनचे श्वसनरोगतज्ज्ञ झोंग नानशान यांनी सांगितलं.
२३ जानेवारी: वुहान बंद.
३० जानेवारी: जागतिक आरोग्य संघटनेकडून आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर. त्याच दिवशी भारतातला पहिला रुग्ण, केरळात.
११ फेब्रुवारी: आजाराचं ‘कोविड-१९’ असं नामकरण.
११ मार्च: ‘ही जागतिक महासाथ आहे’ असं संघटनेचं निवेदन.

आता या कण्यावर तुमच्या आठवड्यातल्या घटना बसवा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण पाहू.

मार्च २०२० च्या मध्यात चीनने न्यूयॉर्क टाइम्स, वॉल स्ट्रीट जर्नल आणि वॉशिंग्टन पोस्टच्या अमेरिकी पत्रकारांना देश सोडायला लावलं. एवढीच बातमी घेतली तर चित्र स्पष्ट आहे: साथ लपवणाऱ्या सरकारने साक्षीदार हाकलले. पण २ मार्चला अमेरिकेने चिनी सरकारी माध्यमांच्या पाच संस्थांतल्या चिनी कर्मचाऱ्यांची संख्या १६० वरून १०० वर आणण्याचा आदेश दिला होता. गोष्ट तिथून सुरू केली तर चीन फक्त प्रत्युत्तर देताना दिसतो. त्याच्याही मागे, १९ फेब्रुवारीला, चीनने वॉल स्ट्रीट जर्नलच्या तीन वार्ताहरांची ओळखपत्रं रद्द केली होती. त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेने या पाच चिनी संस्थांना परदेशी दूतावासासारखा दर्जा दिला होता. आणि ३ फेब्रुवारीला त्याच जर्नलमध्ये चीनला ‘आशियाचा आजारी माणूस’ म्हणणाऱ्या मथळ्याचा मत-लेख आला होता.

पाच तारखा. कोणत्या तारखेपासून गोष्ट सुरू केली यावर खलनायक ठरतो. प्रत्येक कात्रणाच्या समोर लिहा की या बातमीने गोष्ट कुठून सुरू केली आहे. हा एकच तपशील नीट नोंदवलात तरी अर्धा प्रकल्प उभा राहतो, असं माझं ठाम मत आहे.

घड्याळाचाही हिशेब ठेवा. बीजिंग आपल्या अडीच तास पुढे आहे. वॉशिंग्टन उन्हाळी वेळेत साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. पत्रकारांच्या हकालपट्टीची घोषणा बीजिंगमध्ये मध्यरात्रीनंतर, १८ तारखेला झाली, तेव्हा अमेरिकेत १७ तारीख होती. आपल्या दैनिकात ती आणखी उशिरा छापली गेली असेल. तीन तारखा दिसल्या म्हणून तीन घटना समजू नका.

सावधान. जानेवारीतलं विधान एप्रिलच्या माहितीने वाचू नका. १४ जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या ट्विटमध्ये होतं की चिनी अधिकाऱ्यांच्या प्राथमिक तपासात माणसाकडून माणसाला संसर्ग होत असल्याचा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. पुढे याचं ‘संसर्ग होत नाही असं संघटना म्हणाली’ असं रूप झालं. मूळ वाक्यात कोणाचा तपास, कोणत्या टप्प्यावरचा आणि किती पुरावा हे तिन्ही आहे. संघटनेवर टीका करायची तर त्या मूळ वाक्यावर करा, ती जागाही पुरेशी आहे. तसंच, २४ जानेवारीला डोनाल्ड ट्रम्प यांनी चीनच्या प्रयत्नांचं आणि पारदर्शकतेचं जाहीर कौतुक केलं होतं. १६ मार्चला तेच ‘चायनीज व्हायरस’ म्हणाले आणि १४ एप्रिलला त्यांनी चीनधार्जिणेपणाचा ठपका ठेवून आरोग्य संघटनेचा निधी थांबवण्याची घोषणा केली. मधल्या काळात अमेरिकेत काय घडलं, हा रकाना रिकामा ठेवू नका.

## पायरी ३: विधान उगमापर्यंत मागे न्या

मराठी दैनिकातली परदेशी बातमी बहुतेक वेळा ‘वृत्तसंस्था’ या शब्दाखाली येते. डेस्कवरचा उपसंपादक रात्री उशिरा एजन्सीची कॉपी घेतो, तिचा अनुवाद करतो, जागेप्रमाणे कापतो आणि मथळा देतो. यात वाईट हेतू शोधायची गरज नाही. पण कापताना सर्वांत आधी जातात ते शेवटचे परिच्छेद आणि खुलासा, दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आधीचा संदर्भ हे सगळं तिथेच असतं. म्हणून मूळ कॉपी हवी.

१२ मार्च २०२० चं उदाहरण घ्या. चिनी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते झाओ लिजियान यांनी ट्विट केलं की ही साथ वुहानमध्ये कदाचित अमेरिकी लष्कराने आणली असावी. बातमी अशी छापली गेली: ‘अमेरिकी लष्करानेच विषाणू आणला, चीनचा आरोप’. आता मागे जा.

ट्विटसोबत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे संचालक रॉबर्ट रेडफील्ड यांची संसदेतल्या समितीपुढची चित्रफीत होती. फ्लूने मेले असं समजलेल्या काही जणांना प्रत्यक्षात कोविड असल्याचं नंतर आढळलं, असं ते त्यात मान्य करतात. हे खरं विधान होतं. पण त्यातून लष्कराचा संबंध कुठेच निघत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वुहानला लष्करी क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्यात अमेरिकी पथक होतं, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मधली दोरी संशयाची. अशा बांधणीला वहीत खूण करा: खऱ्या तुकड्यांमधला न दाखवलेला दुवा. ही बांधणी तुम्हाला दोन्ही राजधान्यांत सापडेल.

उगमाकडे जाताना बोलणारा कोण आहे ते पाहून त्याला चारपैकी एका खान्यात टाका: सरकारचा अधिकृत माणूस, सरकारी माध्यम, स्वतंत्र माध्यमाची बातमी, स्वतंत्र माध्यमातला मत-लेख. शिन्हुआ, सीजीटीएन, ग्लोबल टाइम्स या चिनी माध्यमांना दुसऱ्या खान्यात टाका. वॉल स्ट्रीट जर्नलचा तो फेब्रुवारीतला मथळा मत-विभागाचा होता. ज्या तीन वार्ताहरांना चीनबाहेर काढलं ते बातमी विभागातले, त्यांचा त्या लेखाशी संबंध नव्हता. खाने केले नाहीत तर ‘अमेरिका म्हणाली’ या दोन शब्दांत राष्ट्राध्यक्ष, स्तंभलेखक आणि वार्ताहर एक होऊन जातात.

तपासा. वहीतल्या ‘कोण म्हणालं’ या रकान्यात देशाचं नुसतं नाव कुठे उरलं आहे का? असेल तर ती नोंद अपुरी आहे.

## पायरी ४: उगमाचे चार दावे वेगळे करा

मराठीतल्या चर्चेत सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. ‘विषाणू प्रयोगशाळेतून आला’ या एका वाक्यात लोक तीन निरनिराळे दावे कोंबतात. चारही दावे असे:

क) प्राण्याकडून माणसात नैसर्गिकपणे आला.
ख) निसर्गात सापडलेला विषाणू प्रयोगशाळेत किंवा नमुने गोळा करताना कुणाला लागला आणि बाहेर पडला.
ग) प्रयोगशाळेत बदल केलेला विषाणू चुकून बाहेर पडला.
घ) शस्त्र म्हणून तयार केला.

प्रत्येक कात्रणाला क, ख, ग, घ यांपैकी अक्षर द्या. बातमी ‘ख’बद्दल आणि मथळा ‘घ’चा वास देणारा, अशा जोड्या भरपूर निघतील. त्या वेगळ्या काढून ठेवा, प्रकल्पातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच असतो.

अमेरिकी गुप्तचर यंत्रणांचा ऑगस्ट २०२१ चा जाहीर सारांश वाचा. हा विषाणू जैविक अस्त्र म्हणून विकसित केलेला नाही, यावर त्या यंत्रणांचं एकमत होतं. म्हणजे चीनची खुद्द प्रतिस्पर्धी असलेली सत्ता ‘घ’ नाकारते, आणि आपल्याकडच्या ग्रुपवर अमेरिकेचाच हवाला देऊन ‘घ’ फिरत असतो.

## पायरी ५: खात्रीची पातळी जशीच्या तशी उतरवा

ही पायरी घाईने करू नका. गुप्तचर अहवालात निष्कर्षाच्या शेजारी खात्रीची पातळी लिहिलेली असते: कमी, मध्यम किंवा उच्च. बातमीत निष्कर्ष येतो, पातळी गळते.

ऑगस्ट २०२१ च्या सारांशात चार यंत्रणा आणि राष्ट्रीय गुप्तचर परिषद यांनी नैसर्गिक उगमाकडे कल दाखवला, पण कमी खात्रीने. एका यंत्रणेने प्रयोगशाळेशी संबंधित घटनेकडे मध्यम खात्रीने. तीन यंत्रणांना कोणताच निष्कर्ष काढता आला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याचा कल प्रयोगशाळेकडे वळल्याची बातमी आली, कमी खात्रीने. एफबीआयनेही आपला मध्यम खात्रीचा कल तेव्हा जाहीरपणे सांगितला. जानेवारी २०२५ मध्ये सीआयए प्रयोगशाळेच्या बाजूला झुकली, तीही कमी खात्रीने.

कमी खात्री याचा अर्थ असा की माहिती तुटपुंजी, विस्कळीत किंवा शंकास्पद आहे आणि त्यावरून ठाम बोलता येत नाही. मग ‘सीआयएचं शिक्कामोर्तब’ असा मथळा दिसला तर काय चुकलं हे तुम्हाला एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही हेच करा. जागतिक आरोग्य संघटना आणि चीन यांच्या संयुक्त पथकाच्या ३० मार्च २०२१ च्या अहवालात प्रयोगशाळेची शक्यता ‘अत्यंत कमी’ ठरवली होती. चिनी माध्यमांनी हे उचललं. पण अहवाल प्रसिद्ध झाला त्याच दिवशी संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सर्व शक्यता अजून खुल्या असल्याचं सांगितलं, आणि अमेरिकेसह १४ देशांनी संयुक्त निवेदन काढून मूळ माहिती व नमुने पूर्णपणे मिळत नसल्याबद्दल चिंता व्यक्त केली. पुढे जून २०२५ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने म्हटलं की उपलब्ध पुराव्याचं पारडं प्राण्याकडून संसर्गाच्या बाजूने झुकतं, मात्र चीनकडून मागितलेली माहिती न मिळाल्याने इतर शक्यता बाद करता येत नाहीत. या वाक्याचा पूर्वार्ध एका बाजूच्या माध्यमात मिळेल, उत्तरार्ध दुसऱ्या. वहीत दोन्ही एकत्र लिहा.

सावधान. शास्त्रज्ञांच्या पत्रांनाही हाच नियम. फेब्रुवारी २०२० मध्ये लॅन्सेटमधल्या पत्राने नैसर्गिक उगम नाकारणाऱ्या कटकथांचा निषेध केला, तर मे २०२१ मध्ये सायन्समधल्या १८ शास्त्रज्ञांच्या पत्राने दोन्ही शक्यतांची गांभीर्याने तपासणी मागितली. पत्र म्हणजे संशोधन-निबंध नव्हे. वेगळ्या खान्यात ठेवा.

## पायरी ६: आकड्याला विचारा, कशातले किती

जानेवारी २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या चाचणीवरून सिनोव्हॅक या चिनी कंपनीच्या लशीची परिणामकारकता आधी ७८ टक्के सांगितली गेली आणि आठवडाभरात ५०.४ टक्के. एका बाजूने ‘चीनची लस उघडी पडली’ असं लिहिलं, दुसऱ्या बाजूने पहिलाच आकडा धरून ठेवला. फरक मोजण्यात होता. पहिल्या आकड्यात उपचारांची गरज पडलेले रुग्ण धरले होते, दुसऱ्यात अगदी सौम्य लक्षणांचेही. कंपनी आणि ब्राझीलमध्ये चाचणी घेणाऱ्या संस्थेने ते आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, ही टीका रास्त आहे. पण दोन लशींची तुलना करायच्या आधी दोन्ही चाचण्यांत ‘रुग्ण’ कुणाला म्हटलंय ते पाहा.

अशा आकड्यांच्या नोंदीत तीन गोष्टी हव्यात: काय मोजलं, कुणी मोजलं, कोणत्या तारखेपर्यंत.

## पायरी ७: नावं आणि क्रियापदं अधोरेखित करा

रंगीत पेन घ्या. ‘दावा केला’, ‘कबूल केलं’, ‘फेटाळलं’, ‘उघड झालं’, ‘म्हणालं’. एका बाजूच्या तोंडी सतत ‘दावा’ आणि दुसऱ्या बाजूच्या ‘स्पष्ट केलं’ येत असेल तर मोजा आणि तक्ता करा. फार वेळ लागत नाही.

नावांचंही तसंच. आजाराला गावाचं किंवा देशाचं नाव देऊ नये, अशा सूचना आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच दिल्या होत्या. मार्च २०२० मध्ये जी-७ देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन अमेरिकेने धरलेल्या ‘वुहान व्हायरस’ या शब्दावर अडलं. इतका तो शब्द राजकारणाचा होता. तुमच्या दैनिकाने कोणता वापरला आणि कधी बदलला?

## पायरी ८: काय छापलंच नाही, त्याचं पान करा

छापलेल्या मजकुरावरच सगळा वेळ जातो. एक कोरं पान घेऊन वर लिहा: त्या आठवड्यात जे घडलं पण माझ्या कात्रणांत नाही.

वुहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांना सहकाऱ्यांना सावध केल्याबद्दल जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी समज दिली आणि ७ फेब्रुवारीला त्यांचं कोविडने निधन झालं. चीनमधला लोकांचा संताप त्या वेळी अधिकृत माध्यमांत किती दिसला, हे या पानावर येतं. आणि याच पानावर हेही येतं: रॉयटर्सने जून २०२४ मध्ये उघड केलं की अमेरिकी लष्कराने २०२० ते २०२१ या काळात फिलिपिन्समध्ये बनावट खात्यांमधून चिनी लशीविरुद्ध गुप्त मोहीम चालवली होती. लोक लशीसाठी तडफडत असताना ही मोहीम चालू होती, याचा मला आजही राग येतो. २०२१ मध्ये प्रकल्प करणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. तुम्हाला आहे. त्यामुळे २०२० वर लिहिताना नंतर उघड झालेली माहिती ‘नंतर उघड’ अशा खुणेसह जोडा. जुन्या कात्रणाला त्याच्या तारखेला नसलेल्या माहितीवरून दोष देऊ नका.

## पायरी ९: तीच फूटपट्टी आपल्याकडे लावा

इथे मुलं थांबतात. पण ही पायरी वगळलेला प्रकल्प मी तरी पूर्ण मानत नाही.

१५ जून २०२० ला गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. महिनाअखेर ५९ चिनी ॲपवर बंदी आली. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी कुणीतरी सैन्यात. तिथे त्या दिवसांत चीनबद्दलची कोणतीही बातमी कोरड्या मनाने वाचली जाणं शक्य नव्हतं आणि तशी अपेक्षाही करू नये. पण अभ्यासात एक रेघ ओढावी लागते: सीमेवर जे घडलं त्याचा पुरावा वेगळा आणि विषाणूबद्दलचा वेगळा. जूननंतरच्या कात्रणांत विषाणूच्या बातमीत सीमेचा उल्लेख किती वेळा येतो, ते मोजा.

मग हे तपासा. एप्रिल २०२० च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) दोन चिनी कंपन्यांचे जलद चाचणी संच वापरू नका असं राज्यांना कळवलं. चिनी दूतावासाने दुसऱ्या दिवशी नाराजी व्यक्त केली. त्या नाराजीतला वापर-साठवणुकीचा मुद्दा आपल्या दैनिकात आला का?

मे २०२१ मध्ये परदेशी माध्यमांतून ‘इंडियन व्हेरियंट’ हा शब्द फिरू लागला तेव्हा केंद्र सरकारने आक्षेप घेतला आणि तो बरोबर होता. ३१ मे रोजी आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरं दिली, त्यात आपल्याकडे प्रथम आढळलेल्या प्रकाराला ‘डेल्टा’ नाव मिळालं. ज्या दैनिकांनी हा आक्षेप ठळक छापला त्यांनी वर्षभरापूर्वी ‘चिनी व्हायरस’ लिहिलं होतं का? दोन्ही कात्रणं शेजारी चिकटवा.

मे २०२२ मध्ये आरोग्य संघटनेने २०२०-२१ या दोन वर्षांत जगभर सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. त्यात भारताचा वाटा सुमारे ४७ लाख होता, अधिकृत नोंदीपेक्षा कितीतरी पट. भारताने मोजणीच्या पद्धतीवर हरकत घेतली. हरकतीचे मुद्दे वाचा, अंदाजाची पद्धतही वाचा. चीनच्या आकड्यांवर शंका घेताना तुम्ही जे प्रश्न विचारलेत तेच इथे विचारा. दुसरी लाट ओसरल्यावरही, ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने निर्बंध कायम ठेवलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. मृत्यूंची नोंद कशी होते हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही.

सरावाला बीजिंगपेक्षा जवळचं काही हवं असेल तर मार्च २०२० अखेरचा इस्लामपूरचा आठवडा घ्या. परदेशातून आलेल्यांपासून रुग्ण वाढल्यावर बातम्यांत ‘कुणी आणला’ याला किती ओळी मिळाल्या आणि ‘आता काय करायचं’ याला किती? पुढे मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांबद्दल गावागावांतून तीच भाषा आली. माणसांची नावं प्रकल्पात लिहू नका, ओळीच मोजा.

## पायरी १०: आता लिहा, आणि या क्रमाने

पहिला भाग: प्रश्न आणि तारखांचा कणा. दुसरा: कोण, काय, कशाच्या आधारावर. तिसरा: मूळ मजकूर आणि छापलेला मजकूर यांतला फरक, पुराव्यासह. चौथा: न छापलेलं. पाचवा: तुमचं मत, दोन पानांच्या आत. आता वहीची मागची पानं उघडा आणि सुरुवातीचं मत काय होतं ते पाहा. बदललं असेल तर कोणत्या कात्रणाने बदललं, ते लिहा. अजिबात बदललं नसेल तर विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता आणि तो तुम्हाला का पटला नाही, हे लिहा.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: ‘मग खरं कोण?’ उगमाबद्दल विचारलं तर पायरी ५ मधली वाक्यं, खात्रीच्या पातळीसह सांगा. माध्यमांबद्दल विचारलं तर फरकाचा तक्ता दाखवा. ‘दोघेही सारखेच दोषी’ असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. माहिती दडवणं, संशय पेरणं आणि मथळ्यात अतिशयोक्ती करणं यांचं वजन सारखं नसतं, आणि कोणी काय केलं हे आता तुमच्या वहीत आहे.

प्रकल्प जमा केल्यावरही फाइल बंद करू नका. एप्रिल २०२५ मध्ये व्हाइट हाउसने आपल्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचा सिद्धांत ठासून मांडणारं पान टाकलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चीनने श्वेतपत्रिका काढून बोट अमेरिकेकडे वळवलं. असं नवीन काही आलं की जुनी नोंद खोडायची नाही. तिच्याखाली नवी तारीख घाला, पुन्हा पाचही रकाने भरा, आणि पाचवा रकाना रिकामा राहत असेल तर तो रिकामाच ठेवा.